खालून हाळी येईपर्यंत

दाजी, संमती आली.

परवा दुपारी आली. मी ओसरीत बसून धुतलेल्या कॅनची झाकणं जुळवत होते आणि मोबाईल टिंग करून वाजला. अर्ज मंजूर. तुमचा तेरावा होऊन आठवडासुद्धा उलटला नव्हता. मी सवयीने उठले आणि तुम्हाला सांगायला टाकीकडे निघाले. भट्टीपाशी पोचल्यावर पाय थांबले. खव्याच्या कढईपाशी बसलेल्या बाईला वाटलं, मी दूध उतू जातंय का ते बघायला आले. ती म्हणाली, "म्याडम, गॅस कमी करू का?" मी म्हटलं, "कर." आणि तिथेच बसले.

आता सरकारच्या लेखी आपण आपल्या पनीरचं पाणी, टाकीत साफ करून, बांधाखालच्या ओहोळात सोडू शकतो. ज्या परवानगीसाठी तुम्ही मला दोन उन्हाळे छळलंत, ती माझ्या हातातल्या मोबाईलमध्ये होती. ताई म्हणाली, "जा, उघड ती फळी. बरं वाटेल त्यांना." मी ओहोळाकडे गेले, टाकीचं पाणी अडवणाऱ्या लोखंडी फळीच्या कडीला हात घातला आणि ती न उचलता परत आले. का, ते तुम्हाला ठाऊक आहे. ते ऐकून तुम्ही मिशीत कसे हसला असतात हेही मला ठाऊक आहे, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

दशक्रियेला भाषणं झाली. आपल्याकडे त्याशिवाय माणूस गेल्यासारखा वाटत नाही. एका पुढाऱ्याने तुम्हाला दुग्धव्यवसायातला दीपस्तंभ म्हटलं. मी ताईच्या शेजारी बसले होते आणि मला स्पष्ट ऐकू आलं तुम्ही काय म्हणाला असतात ते: "दीपस्तंभ व्हय? मग लाइटबिल कोन भरंल?" पदर तोंडावर धरून मी हसले. बायकांना वाटलं हुंदका आला. मग तोही आलाच.

आणि कावळा! पान ठेवलं न ठेवलं तोच आला आणि पिंडाला शिवला. सगळे म्हणाले, काही इच्छा राहिली नाही हो माणसाची, सुटला. मी मनात म्हटलं, हा कावळा काही आपल्या बाजूचा नाही. राहिली होती की एक. ओहोळाखालच्या शेवंतामावशीने तुम्हाला हो म्हटलेलं नव्हतं.

पहिल्यापासून सांगते. तुम्हाला सांगायची गरज नाही, पण मला एकदा ओळीने आठवायचं आहे.

मी नाशिकला सातपूरच्या एका लॅबमध्ये पाणी तपासायचे. कारखान्यांचं, हॉटेलांचं, जे येईल ते. घरी मात्र जे चाललं होतं ते तपासायला कुठलीच बाटली पुरली नसती. एक दिवस मी एक बॅग घेऊन वणीची एसटी पकडली आणि तुमच्या दारात येऊन उभी राहिले. ताई रडली. तुम्ही बॅग उचलून आत ठेवली आणि म्हणालात, "बरं झालं आली. लोकांचं घान पानी लय तपासलं, आता जरा घरचं बघ." दुसऱ्या दिवशी माझ्या हातात दोन रिकाम्या बाटल्या दिल्या आणि डेअरीच्या मागे नेऊन गवताच्या वाफ्यात मुरणारं पाणी दाखवलं.

तेव्हा आपली डेअरी म्हणजे सकाळचं दूध, गडावर जाणाऱ्या भाविकांसाठी पेढे आणि थोडं पनीर. पनीर काढल्यावर जे पिवळट आंबूस पाणी उरतं ते थोडं असलं तर गवत पिऊन टाकतं. जास्त झालं की तेच गवत जाळतं, आणि वास असा की देवीने गड बदलावा. संध्याकाळी वस्तीवरच्या बायका दुधाच्या किटल्या घेऊन यायच्या आणि तुम्ही त्यांना परत पाठवायचात. दूध घेतलं तर पनीर करावं लागणार, पनीर केलं तर पाणी कुठे सोडणार? किटली घेऊन परत जाणाऱ्या बाईच्या पाठीकडे तुम्ही बघत राहायचात. त्या दिवशी जेवायचात कमी.

म्हणून टाकी बांधली. म्हणून अर्ज. मी भरला, रात्रंदिवस प्रदूषण मंडळाच्या पोर्टलशी भांडून. नकाशे, आकडे, टाकीची मापं, सगळं चढवलं. शेवटचं बटण दाबायचं तेवढं बाकी होतं आणि तुम्ही चहाचा कप खाली ठेवून म्हणालात, "थांब. खालच्यांना विचारलं का?"

"कोण खालचे?"

"ओहोळाचे. पानी त्यांच्याकडं जानार ना?"

मी तुम्हाला समजावलं. कायदा सांगितला. पाणी ठरलेल्या प्रतीचं असलं आणि मंडळाने संमती दिली की सोडता येतं, घरोघरी फिरायची गरज नाही. तुम्ही सगळं शांतपणे ऐकलंत आणि चप्पल घातलीत. "सरकार नाशकात ऱ्हातं, लॅबवाली," तुम्ही म्हणालात. "ओहोळ हितून जातो."

हे तुमच्यात कुठून आलं ते मला त्या दिवशी वाटेत कळलं. तुम्ही सटाण्याकडचे. तुमच्या गावात बंधाऱ्याचं पाणी पाळीने फिरायचं, आणि पाटाचं दार उचलायच्या आधी वरचा माणूस हाळी द्यायचा. खाली कोणी पाटात उतरलेलं असेल, कोणाचा कांदा काठावर पडला असेल, कोणाचं लेकरू खेळत असेल. खालून उलटी हाळी आली की मगच दार उचलायचं. तुम्ही लहानपणी वडिलांबरोबर उभे राहून ती हाळी द्यायला शिकलात. चालता चालता तुम्ही मला ती देऊन दाखवलीत, भर उन्हात, बांधावर उभे राहून, तुमच्या अहिराणीत: "पानी सोडस रे भोऽऽ!" बाभळीवरचे बगळे उडाले. मी इकडेतिकडे बघितलं, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

ओहोळाच्या काठाने आपण सगळ्या मळ्यांवर गेलो. प्रत्येक ठिकाणी तुम्ही तेच सांगायचात, प्रत्येक ठिकाणी चहा, आणि प्रत्येक जण म्हणायचा, सोडा की राव, तुम्ही काय परके? चहा पिऊन पिऊन माझ्या पोटात आम्ल झालं. मग शेवटी, वळणाच्या खाली, चिंचेशेजारी शेवंतामावशीची विहीर.

मावशी म्हशीला पाणी दाखवत होत्या. तुमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नाय."

त्यांच्या नाहीला कारण होतं. आपल्या आधी डेअरीच्या जागेत एक भाडेकरू होता, केमिकलची जुनी पिंपं धुऊन विकायचा. धुतलेलं पाणी ओहोळात. मावशीची विहीर त्या वर्षी अशी बिघडली की भाकरीचं पीठ मळलं तरी वास यायचा. एक पारडू गेलं. भाडेकरू गाशा गुंडाळून गेला, विहीर दोनदा उपसून साफ करावी लागली. "त्यानंबी असंच सांगितलं हुतं," मावशी म्हणाल्या. "साफ करून सोडतो म्हनला."

तुम्ही म्हणालात, "मावशी, म्हशी तुमच्या, दूध तुमचं. त्याचंच पानी परत येतंय तुमच्याकडं."

"मंग परत कशाला देतो? ठिव की तुलाच!"

मला हसू आलं, तुम्हालाही. मावशींना नाही आलं. त्या आपल्याच डेअरीला सकाळचं दूध घालायच्या, त्यांचं संध्याकाळचं दूध आपण परत पाठवायचो, आणि तरी त्या नाही म्हणत होत्या. स्वतःच्या नुकसानीचं नाही म्हणणाऱ्या माणसापुढे काय बोलणार?

परतताना आपण भांडलो. तुम्ही म्हणालात, अर्ज पाठव, पण मावशी हो म्हणेपर्यंत फळी उचलायची नाही. मी म्हटलं, मग सरकारला विचारायचंच कशाला? तर तुम्ही म्हणालात, "सरकार नाय म्हनलं तर मावशीला तरास द्यायची गरजच नाय!" या तर्काला उत्तर मला आजतागायत सापडलेलं नाही. पण तुम्ही चुकत होतात असं मला अजूनही वाटतं, दाजी. एका माणसाच्या नाहीवर सगळ्या वस्तीचं दूध अडवून ठेवायचं हा कुठला न्याय? तुम्ही मेलात म्हणून मी हा मुद्दा सोडणार नाही.

त्यानंतर टाकी सुरू झाली आणि तुम्हाला नवी लेकरं झाली. पाण्यातली घाण खातात ते जिवाणू, असं मी सांगितलं होतं. शेण कालवून आणि गुळाचं पाणी घालून ते वाढवायचे असतात. तुम्ही रोज सकाळी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून, गूळ घेऊन टाकीवर जायचात. "खा रे, लवकर खा, पनीर येतंय मागून." ताई म्हणायची, तिच्याशी इतकं गोड बोलला असतात तर संसार वेगळा झाला असता. टाकीत ती तपकिरी साय वाढत गेली. मी बाटली उजेडात धरायचे, तळाशी गाळ बसून वर निवळ पाणी दिसायचं, आणि तुम्ही माझ्या खांद्यावरून वाकून विचारायचात, "पास का?" मी म्हणायचे, पास. तुम्ही दर वेळी पोरगा दहावी झाल्यासारखे खूश व्हायचात.

आणि मग तो तपासणीचा दिवस. आठवलं की अजून डोकं धरते मी.

मंडळाचे साहेब येणार म्हणून निरोप आला, आणि नेमकी आदल्या दिवशी नाशिकला कोर्टात माझी तारीख होती. मी मुक्काम करून सकाळी परतले. फाटकातच रांगोळी. ओसरीला तोरण. आत पाऊल टाकलं तर फिनेलचा असा भपकारा की डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही आणि ताईने मिळून, दोन दिवस, अख्खी डेअरी घासली होती. फरशी, भिंती, भट्टी, कॅन, गटाराची जाळीसुद्धा. सोड्याने, साबणाने, वर फिनेल. दिवाळीलाही कधी एवढी घासली नव्हती. तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून उभे होतात आणि म्हणालात, "बघ, चकाचक!"

मी म्हटलं, "दाजी, हे सगळं पाणी गेलं कुठे?"

तुम्ही टाकीकडे बोट दाखवलंत आणि बोट तसंच हवेत राहिलं.

टाकीवर हातभर पांढरा फेस होता. तपकिरी साय करडी पडून वर तरंगत होती. पाहुण्यासाठी घर धुताना तुम्ही लेकरं धुऊन मारली होतीत. तेवढ्यात फाटकाशी जीप वाजली. साहेब भला माणूस होता, त्याने शिरा खाल्ला, तोरणाचं कौतुक केलं, आणि नियमाप्रमाणे पाण्याचा नमुना घेऊन गेला. नमुना नापास झाला. त्याचं मला आश्चर्य वाटलं नाही, पास झाला असता तर लॅबवरचा विश्वास उडाला असता. अर्ज परत आला.

मी तुम्हाला वाट्टेल ते बोलले. तुम्ही खाली मान घालून एवढंच म्हणालात, "पाव्हना यायचा म्हनल्यावर घर नाय धुवायचं?" आता कोणी मला विचारलं की आपल्या माणसांना परवानग्या का मिळत नाहीत, तर मी सांगेन, आमचं आगतस्वागत आड येतं.

पण दाजी, त्या फिनेलचे आभारच मानले पाहिजेत. टाकी पुन्हा जगवायची तर ताजं शेण हवं होतं, भरपूर. आपल्याकडे जनावर नाही. जवळ गोठा कोणाचा? मावशींचा. मी म्हटलं, जिने नाही म्हटलं तिच्याच दारात जाणार? तुम्ही बादली उचललीत. "शेनाला कोनी नाय म्हनत नसतं," तुम्ही म्हणालात.

मावशींनी विचारलं कशाला हवं. तुम्ही खरं सांगितलंत, साबणाचं, फिनेलचं, तोरणाचं, सगळं. आमची लेकरं मेली मावशी, असंच म्हणालात. मी बाजूला उभी, लाजेने अर्धी झालेली. मावशी आधी बघत राहिल्या आणि मग हसायला लागल्या. खांबाला धरून हसल्या. म्हणाल्या, "येडा हाय का रं तू पनीरवाल्या! त्या पिंपवाल्यानं असलं कधी सांगितलं नसतं." मग आत जाऊन घमेलं घेऊन आल्या आणि सगळ्यात चांगलं शेण, हिरवा चारा खाल्लेल्या म्हशीचं, निवडून दिलं.

चार दिवसांनी त्या स्वतःच आल्या. दूध घालून झाल्यावर सरळ मागे गेल्या, टाकीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "जगली का?" तेव्हापासून रोजचं झालं. शेण त्यांचं म्हणजे हक्कही त्यांचाच. वास जास्त आला तर मला विचारायच्या, "का गं, आज काय खायला घातलं?" मी त्यांना बाटली उजेडात धरून दाखवायचे. बघायच्या, मान हलवायच्या. पण ओहोळाचं नाव काढलं की पदर खोचून घरी. तुम्ही एकदाही पुन्हा विचारलं नाहीत. मी म्हणायचे, लोखंड तापलंय, आत्ता विचारा. तुम्ही म्हणायचात, "काय घाई शे?" तुमचं अहिराणी बाहेर पडलं की समजावं, आता वाद संपला.

दुसरा नमुना गेला. तो पास होणार हे मला माहीत होतं. त्या संध्याकाळी आपण फळीपाशी उभे होतो. तुम्ही व्हॉल्व्ह न बसवता मुद्दाम पाटाच्या दारासारखी फळी बसवून घेतली होती, तिच्या कडीला तेल देत होतात. मी म्हटलं, "ऐकून ठेवा दाजी. संमती आली की त्याच दिवशी मी ही उचलणार. मावशी हो म्हणो की न म्हणो. तुम्ही अडवून दाखवा."

तुम्ही तेलाचा हात गवताला पुसलात. म्हणालात, "उचल की. मी कशाला अडवू? फक्त हाळी दे."

"आणि खालून काही आलं नाही तर?"

तुम्ही बोलणार होतात. ताईने जेवायला हाक मारली. ताटावर विषय दुसराच निघाला, भेंडी कोणी खारट केली याचा. त्या आठवड्यातच तुम्ही गेलात. काय बोलणार होतात ते मी खूप वेळा जुळवून बघितलं. जमत नाही.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं. ओहोळाकाठच्या दर माणसाला तुम्ही विचारलंत. गवत कापायच्या आधी बांधावरच्याला विचारायचात, पेढ्यांत वेलची वाढवायच्या आधी ताईला विचारायचात. पण मी बॅग घेऊन आले त्या दिवसापासून एक प्रश्न तुम्ही मला कधीच विचारला नाहीत: परत कधी जाणार? नातेवाइकांनी विचारला, शेजारणींनी विचारला, माझ्या सख्ख्या आईने फोनवर रोज विचारला. मी रोज तुमच्या तोंडाकडे बघायचे, आज विचारतील. तुम्ही विचारायचात, "पास का?" मला वाटायचं, कधीतरी निवांत बसून याचे आभार मानावेत. पण मेव्हणीने दाजींचे आभार मानायचे म्हणजे दोघांचंही हसू व्हायचं. म्हणून मी भांडत राहिले. तुम्हाला ते कळत होतं असं मी धरून चालले आहे.

तुम्ही गेल्यावर डेअरी बंद. सुतक, आलेगेले, रडणं. आपल्या घरी चूल पेटली नाही, वस्तीवरून भाकऱ्या येत होत्या. मावशी रोज पिठलं-भाकरी घेऊन यायच्या, ताईशेजारी बसायच्या, तिला घास भरवायच्या आणि उठून जायच्या. टाकीचं मला भानच नव्हतं. टाकीत हवा सोडणारा ब्लोअर तेवढा गरगरत होता. एका पहाटे जाग आली आणि धस्स झालं. पनीर नाही, पाणी नाही, म्हणजे टाकीला इतके दिवस खायलाच नाही. तुमची सगळी लेकरं पुन्हा मेली असणार. मी धावत मागे गेले.

टाकी जिवंत होती. तपकिरी, दाट, खालून बुडबुडे. कट्ट्यावर एक घमेलं पालथं घातलेलं, आणि त्याच्याखाली मुंग्या लागू नयेत म्हणून झाकून ठेवलेला गुळाचा खडा. मी बघत उभी राहिले तोवर मागून मावशी आल्या, बादली घेऊन. मला बघून जरा ओशाळल्या.

"तुम्ही रोज?"

"मंग?" त्या म्हणाल्या. "घरात भाकर आनायची आन ह्यास्नी उपाशी ठिवायचं? सुतक तुमास्नी, ह्यास्नी काय?" आणि गुळाचं पाणी ओतता ओतता, तुमच्यासारखंच, "खा रं" म्हणाल्या.

दाजी, तुम्ही गेल्यापासून मी तेव्हा पहिल्यांदा नीट रडले. आधीचं सगळं लोकांसाठी होतं. मावशींनी रडू दिलं. बादली धुतली आणि म्हणाल्या, "तू आता लक्ष घाल. मला म्हशी हायेत." ओहोळाचं त्या काही बोलल्या नाहीत, आणि मी विचारलं नाही. तुमची सवय लागली बहुतेक.

त्यानंतर ही संमती. परवा फळीला हात लावून मी परत आले ते याच्यासाठी. काल दिवसभर स्वतःशी भांडले, तुमची बाजू मांडायला तुम्ही नाही म्हणून दोन्ही बाजूंनी. माझ्या हातात सरकारचा होकार आहे. पाणी साफ आहे, मी स्वतः तपासलंय. संध्याकाळच्या किटल्या परत जाताहेत. ताईला आता ही डेअरी एकटीने ओढायची आहे. उचलली फळी तर कोण काय म्हणणार? कोणीच नाही. तेच अवघड होतं.

आज सकाळी, म्हशी रानात जायच्या वेळेला, मी फळीपाशी गेले. घसा खाकरला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाशिकला वाढलेली बाई मी, रिक्षालासुद्धा हात करून थांबवते, ओरडत नाही. इकडेतिकडे बघितलं, कोणी नाही असं बघून तुमचेच शब्द उच्चारले. "पानी सोडस रे भो."

बाभळीवरचा बगळासुद्धा हलला नाही. खालून काही आलं नाही.

मी थांबले. ओहोळात थोडंसं पाणी होतं, दगडांतून झिरपणारं. मला वाटलं, हे झालं माझं उत्तर. आता कडी उचलू की घरी जाऊ? तुम्ही त्या संध्याकाळी काय सांगणार होतात ते मला आत्ता हवं होतं.

तेवढ्यात वळणाखालून आवाज आला. "कोन हाय गं?"

"मी! वंदना!"

"मंग मोठ्यानं वरड की! त्याचा आवाज पार चिंचेपस्तोर यायचा!"

म्हणजे ती हाळी, जी मी ऐकून लाजले होते, ती त्यांनी ऐकली होती. तुम्ही ती नंतरही देत असणार, मी नसताना, सराव म्हणून, फळीला तेल देता देता. मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मी बांधावर चढले, पदर कमरेला खोचला आणि जिवाच्या आकांताने ओरडले. "पानी सोडस रे भोऽऽ!" शेवटाला आवाज फाटला. बगळे उडाले, दाजी. सगळे.

मी खाली बघितलं. मावशी वळणावरून वर येत होत्या, पुढे दोन्ही म्हशी. त्यांनी म्हशी ओहोळातच उतरवल्या, फळीच्या बरोबर खाली, आणि स्वतः गुडघाभर लुगडं वर घेऊन त्यांच्याशेजारी पाण्यात उभ्या राहिल्या. कपाळावर हात धरून माझ्याकडे बघितलं आणि तोंडाशी हात नेला.

"सोऽऽड!"

मी कडी धरली. तुम्ही दिलेलं तेल अजून तिच्यावर होतं, हाताला लागलं. आणि मग मला काय झालं कोण जाणे, मी तशीच उभी राहिले. मला वाटलं, थोडं थांबावं. इतकी वाट बघितली तर अजून थोडी बघावी. वरच्या बाजूनेही कोणाची हाळी येईल, जरा कान देऊन ऐकावं. फळी उचलली की तुमचं राहिलेलं कामच संपणार होतं.

खालून मावशी खेकसल्या, "थांबली कशाला गं? सोड म्हनलं ना!"

दाजी, मग मी सोडलं.